परत एकदा 'नव्याने लिहिलंय' म्हणे

आलं का परत त्या म्युझिक प्लेअरच्या जोडीच्या अ‍ॅपचं अपडेट? "अ‍ॅप आम्ही पूर्ण नव्याने लिहिलंय!" अरे पण सांगितलं कोणी होतं? प्लेअरच्या शेजारी बसून गाण्याचे बोल दाखवायचे, कव्हर दाखवायचं, कीबोर्डवरून गाणं पुढे ढकलायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम आणि ते नीट चाललं होतं ना? आता उघडलं तर जुने सगळे प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) बंद, का तर एपीआय (प्लगइनने अ‍ॅपशी बोलायची ठरलेली पद्धत) बदलला, आणि नव्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन 'लवकरच येत आहे'. इक्वलायझर? लवकरच. लिरिक्स? लवकरच. डार्क मोडच्या छप्पन्न छटा मात्र पहिल्या दिवसापासून तयार!

1998 च्या विनॅम्प 2 या म्युझिक प्लेअरमध्ये काय होतं, प्लगइनची डीएलएल फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाका, प्लेअर बंद करून चालू करा, झालं. आता त्याच कामाला स्टोअर पाहिजे, अकाउंट पाहिजे, आणि आत अख्खा क्रोमियम ब्राउझर कोंबलेला, नुसतं गाण्याचं नाव दाखवायला शेकडो एमबी रॅम, हत्ती पाळलाय की काय?

आणि ज्या पोरांनी रात्री जागून फुकटात प्लगइन लिहिले त्यांनी आता परत पहिल्यापासून लिहायचं, कारण यांना नवीन फ्रेमवर्क शिकायची हौस आली. जुने प्लगइन चालावेत म्हणून मधे एक छोटासा थर ठेवायला हात दुखतात का रे? निम्मे तर कधीच सोडून गेलेत, त्यांचे प्लगइन कोण लिहिणार, तुम्ही?

वर पॉपअप येतो, नवीन व्हर्जनला रेटिंग द्याल का म्हणून. देतो की, आधी व्हॉल्यूमचं बटण कुठे लपवलंय तेवढं सांगा.