सैतानाच्या नावानं शाळा

आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय) दहावीच्या ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय: शाळेत मनाचे श्लोक पाठ करून घ्यावेत की नाही. मी गप्प होतो. मग एकानं ठोकून दिलं, "अमेरिकेत बघा, शाळेत धर्माला पहिल्यापासून मज्जाव!" तिथं मात्र राहवलं नाही.

अरे बाबा, मी राहतो त्या मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा निघाल्या त्याच मुळी धर्मापायी. 1647 चा कायदा सुरूच होतो सैतानापासून. माणसाला बायबल कळू न देणं हा त्या जुन्या ठकाचा डाव. म्हणून 50 घरांच्या गावानं लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा, 100 घरं झाली की लॅटिनची शाळा काढायची, नाही काढली तर पाच पौंड दंड. 1690 च्या सुमारास बॉस्टनला छापलेल्या बालपुस्तकात 'ए' ॲपलचा नव्हता, ॲडमचा, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचा होता. तो घसरला म्हणून आपण सगळे पापी, हे पोरांनी अक्षराबरोबरच गिरवायचं. सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरायला 1963 उजाडलं. आणि जोतीराव नगरला ज्यांची मुलींची शाळा पाहून आले, त्या मिस फरारही बॉस्टनच्याच मिशनच्या.

एवढं टाकून मी ऐटीत फोन ठेवला. हा कायदा करणाऱ्या त्याच प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, बॉस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फासावर चढवलं होतं, ते काही लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.

उत्तर आलं: "तिकडे बसून बोलायला काय जातंय!"

झोंबलं. कारण त्या कायद्यातलं आणखी एक वाक्य मी गाळलं होतं: विद्या आपल्या वाडवडिलांच्या थडग्यात पुरली जाऊ नये. सैतान वगैरे ठीक, पण खरी धास्ती ही. समुद्र ओलांडून जेमतेम सतरा वर्षं झालेली वसाहत. पोरं इथल्या रानात काय होऊन बसतील या काळजीनं त्यांची झोप उडालेली. मला इथं एकोणीस झाली.

दर रविवारी दुपारी आम्ही चर्चचं तळघर भाड्यानं घेऊन मराठी शाळा भरवतो. भिंतीवर त्यांच्या मुलांनी रंगवलेली नोहाची नौका, खाली आमचे चहाचे थर्मास. परवा माझी लेक रोमन लिपीत लिहिलेला श्लोक घडाघडा म्हणाली. आयाबापांनी टाळ्या वाजवल्या, मी व्हिडिओ काढला. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "बाबा, सज्जन मीन्स व्हॉट?"

मी इंग्रजीत सांगितलं.