‘जाड बोर्ड म्हणजेच लाइफजॅकेट’ : फिरत्या संदेशाला उत्तर

‘सर्फबोर्ड निवडण्याचे पाच नियम’ असा मथळा असलेला एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो ताईने टाकला, आणि तोवर पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच्यावर विसंबून एक जुना बोर्ड विकतही घेतला होता. नियम थोडक्यात असे : बोर्डाची लांबी आपल्या उंचीएवढी असावी, फोमचे बोर्ड लहान मुलांचे, मोठ्यांनी थेट फायबरग्लासचाच घ्यावा, लहान लाटांना लहान बोर्ड आणि मोठ्या लाटांना मोठा, फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचे पर, जितक्या जास्त तितका बोर्ड स्थिर, आणि पोहता येत नसेल तर जाड बोर्ड घ्यावा, तो पायाला बांधलेला असल्याने माणूस बुडूच शकत नाही, तेव्हा पावसाळ्यात लाटा जोरात असताना शिकून घ्यावे. मी ११ वर्षे गोव्यात आणि कर्नाटकातल्या मुल्कीला लाटांवर जातो. पहिले चार नियम चुकीचे असले तरी त्यांनी फार तर पैसे आणि सुट्टी वाया जाईल. पाचव्याने जीव जाईल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जाड बोर्ड तरंगतो, हे खरे आहे. ८ फुटी फोमच्या बोर्डाचे आकारमान साधारण ८५ लिटर असते, आणि समुद्राचे एक लिटर पाणी एक किलोहून किंचित जड असल्यामुळे स्वतःचे वजन वजा जाता तो बोर्ड ८० किलोंच्या माणसाला पाण्यावर धरू शकतो. पण ही उचल बोर्डाला मिळते, माणसाला नाही. लाइफजॅकेट छातीला आवळून बांधलेले असते. बोर्ड मात्र घोट्याला बांधलेल्या लीशच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या दोरीच्या, दुसऱ्या टोकाला, सात-आठ फुटांवर असतो, आणि माणूस पडतो त्या क्षणी तो त्याच्या अंगाखालून निघून गेलेला असतो.

तरंगायला मदत करणाऱ्या अंगावरच्या साधनांसाठी आयएसओ १२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने त्यातली एवढी एकच गोष्ट समजून घ्यावी. ५० न्यूटन उचल देणाऱ्या, म्हणजे सुमारे पाच किलो वजन पेलणाऱ्या साधनाला हे मानक लाइफजॅकेट म्हणतच नाही. ते फक्त ज्यांना पोहता येते आणि ज्यांच्या जवळपास मदत आहे अशांसाठी धरले आहे. लाइफजॅकेट हे नाव १०० न्यूटनपासून पुढे लागते, कारण माणूस थकला तरी त्याचे तोंड पाण्याबाहेर राहावे ही त्याच्याकडून अपेक्षा असते. म्हणजे अंगावर घट्ट बसलेले साधनही न पोहणाऱ्याला पुरत नाही असे मानक सांगत असताना, अंगावर नसलेल्या बोर्डाच्या भरवशावर त्याला लाटांत उतरवा, असे हा संदेश सांगतो.

आणखी एक गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. बोर्ड जितका जाड तितका फुटलेल्या लाटेत तो जोराने ओढला जातो. सरावलेला सर्फर समोरून लाट आली की पातळ बोर्डाचे टोक पाण्यात दाबून तिच्याखालून जातो. ८५ लिटरचा बोर्ड असा दाबला जात नाही, तो लाटेबरोबर किनाऱ्याकडे सुटतो आणि लीशच्या टोकाला आपला पाय जातो. लीश ताणली जाते, तुटते, किंवा ताणून परत येताना बोर्ड अंगावर आणते. वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाच्या, व्यवसायामुळे जगभर नाव झालेल्या जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये असाच, लीशने परत फेकलेल्या बोर्डाने गेला. बोर्ड जवळ असेल आणि माणूस शांत असेल, तर बोर्ड न सोडता त्यावर पालथे पडून राहावे, हा सल्ला योग्यच आहे. पण नाकातोंडात पाणी गेलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाला पुढची लाट येण्याआधी लीश ओढून बोर्ड जवळ आणता येईल आणि त्यावर चढता येईल, असे ज्याला वाटते त्याने तसा माणूस जवळून पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. त्याचे दोन्ही हात वर, हवेत असतात. ते खाली लीशकडे जातच नाहीत.

पावसाळ्याचे तर बोलायलाच नको. कोकणात जूनमध्ये मासेमारी थांबते, होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच लोक पुन्हा दर्याकडे वळतात. ज्यांचे पोटच समुद्रावर आहे ते ज्या दिवसांत त्याच्या वाटेला जात नाहीत, त्या दिवसांत शिकाऊ माणसाने उतरावे असे सांगायला बेफिकिरीच लागते. गोव्यातले जीवरक्षक या काळात लाल बावटे लावतात आणि पाण्यात उतरू नका म्हणून बजावतात. पश्चिम किनाऱ्यावर शिकण्याचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा आहे.

आता उंचीएवढ्या लांबीचा नियम. भाच्याची उंची ५ फूट १० इंच, म्हणून बोर्डही ५ फूट १० इंच. मे महिन्याच्या सुरुवातीला तो बोर्ड घेऊन गोव्यातल्या आश्व्याला आला, तेव्हा सकाळी कमरेएवढ्या, मऊ लाटा होत्या, म्हणजे शिकायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. तो बोर्डावर पालथा पडला आणि बोर्ड दिसेनासाच झाला. छाती पाण्यात, हनुवटी पाण्याला टेकलेली, आणि मागची लाट त्याला न उचलताच खालून निघून जायची. पाऊण तासाने दंड भरून आल्यावर त्याने विचारले, ‘‘मामा, बोर्ड खराब निघाला का?’’ बोर्ड उत्तम होता. त्याच्या तळाला, फिनच्या वर, पेन्सिलीने २७ लिटर असे लिहिलेले होते, आणि पाहायला हवा होता तो हाच आकडा. भाच्याचे वजन ७४ किलो. २७ लिटरचा बोर्ड जेमतेम २५ किलो उचलतो. उरलेले वजन पाण्याने पेलायचे, तर शरीराचा दोन तृतीयांश भाग पाण्यातच राहणार. अशा स्थितीत हात मारून वेग येत नाही. एक मीटर खोल पाण्यात येऊन फुटणारी लाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपास धावते, आणि ती पकडायची तर आपणही तिच्या पुढे काही वेगाने सरकत असावे लागते. दुपारी त्याला भाड्याचा ८ फुटी फोमचा बोर्ड दिला आणि चौथ्या लाटेवर तो उभा राहिला.

उंचीपेक्षा वजन आणि सराव पाहावा. नवशिक्याने बोर्डाचे लिटर आपल्या किलोंइतके किंवा थोडे जास्तच घ्यावेत. वर्षानुवर्षे सर्फिंग करणारा माणूस वजनाच्या ३५ ते ४० टक्क्यांवर येतो, आणि तिथे पोहोचायला जो काळ लागतो तो लागतोच.

लाटा आणि बोर्ड यांच्या नात्याचा नियम संदेशाने जवळजवळ उलटा मांडला आहे. हवाईच्या वायमेआसारख्या ठिकाणी राक्षसी लाटांवर ९-१० फुटी, निमुळते बोर्ड वापरतात, कारण तिथली लाट इतकी वेगाने येते की लांब बोर्डाशिवाय तिला गाठताच येत नाही. नियमात एवढेच काय ते तथ्य. पण आपल्यापैकी कोणी वायमेआला जाणार नाही. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या ज्या लाटांत जगातले बहुतेक लोक खेळतात, तिथे लाट जितकी लहान आणि दुबळी तितका बोर्ड रुंद, जाड आणि तळाला सपाट हवा, कारण जो जोर लाट देत नाही तो बोर्डाने भरून काढायचा असतो. लाट उभी आणि जोरकस होऊ लागली की शेपटी निमुळती हवी आणि टोकाला बाक जास्त हवा, नाहीतर खाली उतरताना टोक पाण्यात खुपसते आणि माणूस पुढे फेकला जातो. हवाईच्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये त्यांचे लाकडी बोर्ड जपलेले आहेत : संथ, उशिरा फुटणाऱ्या लाटांसाठी लांब आणि जाड ओलो, तर उभ्या, फुटत्या लाटांसाठी आखूड आणि पातळ अलाया.

शिवाय लाट किती फुटी, एवढ्याने काही कळत नाही. वाऱ्याने जवळच उठलेली, दर सात सेकंदांनी येणारी तीन फुटी लाट आणि दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर चालत आलेली, चौदा सेकंदांच्या अंतराची तीन फुटी लाट यांत जोराचा मोठा फरक असतो. पहिलीला मी ९ फुटी बोर्ड नेतो, दुसरीला साडेसहा फुटी. समुद्राचे अंदाज देणारी हैदराबादची इन्कॉइस ही केंद्रीय संस्था उंचीबरोबर हा कालावधीही तिच्या अंदाजात देते. त्यात किनाऱ्याचा उतार धरावा. आश्व्याला उथळ, सावकाश उताराच्या वाळूवर जी लाट घरंगळत फुटते, तीच उभ्या उताराच्या किनाऱ्यावर एकदम कोसळते.

फोमचे बोर्ड काही वर्षांत पाणी पितात आणि झटकन वळत नाहीत, हे मान्य आहे. पण नवशिक्याला वळायचे नसून उभे राहायचे असते, आणि त्याचा सुटलेला बोर्ड शेजारच्या पोराच्या कपाळावर बसला तर तो फोमचा असलेला बरा. फिनबद्दल एवढेच की त्यांच्या संख्येने स्थिरता ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचे सर्फर सायमन अँडरसन यांनी १९८० मध्ये तीन फिनांचा बोर्ड घडवला आणि १९८१ मध्ये त्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, ती वेगात असताना पकड आणि वळण दोन्ही मिळाल्यामुळे. एका फिनचा लाँगबोर्ड आजही सगळ्यांत शांत चालतो.

भाचा जुलैमध्ये तीन मित्रांना घेऊन येणार होता आणि त्यांतल्या दोघांना पोहता येत नाही, हे मला त्या दुपारी, बोर्ड धुताना, सहज बोलण्यातून कळले. ती सहल रद्द झाली आहे. दोघांनी पुण्यात पोहण्याचा क्लास लावला आहे, न थांबता २०० मीटर पोहून दाखवल्यावर नोव्हेंबरमध्ये यायचे असे ठरले आहे, आणि ५ फूट १० इंचांचा तो बोर्ड भाच्याने विकायला काढला आहे. मी त्याला जाहिरातीत उंची न लिहिता २७ लिटर असे लिहायला सांगितले.