इतिहासाला जरा हातभार लावा

इतिहासाची पुनरावृत्ती होते का म्हणून लोक उगाच वाद घालतात. अहो आपोआप काय होतंय, त्याला मेहनत लागते, आणि ती शिकायची असेल तर एक उन्हाळा सोलापुरात काढा.

सुरुवात सोपी. 12 जानेवारी 1931 ला येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना एकाच दिवशी फाशी झाली. चौघांना वेगवेगळं काढायचं इंग्रजाला सुचलं नाही, ते राहिलेलं काम तुम्ही हातात घ्या. पुतळ्यांना हार घाला, फोटो काढा आणि मग यातला आपला कोण ते बघून तेवढाच स्टेटसला ठेवा. एकेकाळी तेलंगणातनं विणकर पोटासाठी इथं आले, आता आपली पोरं पोटासाठी पुण्याला जातात, सकाळी सकाळी ज्या गाडीत बसतात तिचंही नाव हुतात्माच, म्हणजे आदर आहेच की.

पण खरं कसब लागतं ते पाण्यात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं असं सांगतात, तुम्ही गड्ड्याच्या जत्रेला जाऊन त्या तळ्याला हात जोडायचे आणि घरी येऊन बोअरवाल्याला फोन लावायचा. इंग्रजांच्या काळात हिप्परग्याचा तलाव झाला, तरी 1876 चा दुष्काळ आला, मग 1972 चा आला, त्यात आमची आजी खडी फोडायला गेलती, तिची पितळी घागर अजून माळ्यावर आहे. पुढं 1980 ला भीमेवर उजनी धरण झालं, 117 टीएमसी, आता एवढ्या पाण्यानं दुष्काळाची सवयच मोडली असती बघा, पण आपण वेळीच सावध झालो आणि ऊस लावला. पाऊस कमी पडला? आणखी लावा. मग उन्हाळ्यात शहरासाठी पाणी सोडा म्हणून ओरडा, ते भीमेतनं वाहत वाहत शहराला पाणी देणाऱ्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतंय तोवर वाटेत किती मोटारी बसल्यात ते मोजू नका, त्यातली एखादी आपल्याच पाव्हण्याची निघायची.

घरी पण प्रॅक्टिस ठेवा. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही रात्री दोनला. आधी फुसफुस करून नुसती हवा, मग तांबूस पाणी, ते साफ होईस्तोवर शेजारचा थेट पाईपलाईनला मोटर लावतो आणि आपली धार करंगळीएवढी होते. भांडू नका, तुम्हीही मोटर घ्या. तुमच्या पुढच्या घरात मग थेंब येत नाही, तो पण घेतो.

आज आमचीच पाळी आहे, निळी पिंपं लावून बसलोय, बाहेरनं कोणीतरी ओरडलं, "काय करलालास बे, आलं की!" पळत गेलो तर टँकर, तोही पुढच्या गल्लीचा.