बँकॉकमध्ये व्हेज मिळतं, फक्त पाटी ओळखा
बँकॉकला शाकाहारी लोकांना पाहुरात या भारतीय वस्तीतल्या इंडियन हॉटेलांशिवाय पर्याय नाही असं एका लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. पिवळ्या पाटीवर इंग्रजी 17 सारखं दिसणारं लाल अक्षर दिसलं की समजायचं तिथे 'जे' जेवण आहे, म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच पण फिश सॉस आणि कांदा-लसूणही नाही, माझी आई लसूणही खात नाही ती तिथे चार दिवस पोटभर जेवली.

नुसतं 'व्हेज' सांगून सोम तम (कच्च्या पपईची थाई कोशिंबीर) मात्र मागवू नका, आमच्यासमोर बाईंनी उखळात कच्ची पपई कुटता कुटता मूठभर सुकट टाकलीच! आणि शनिवार-रविवारी चातुचाकच्या बाजारात खरेदीला गेलात तर फळं समोरच्या ओर तोर कोर मार्केटमधून घ्या, महाग आहेत पण मँगोस्टीन एकेक निवडलेलं असतं.