अंगठा जुळला नाही म्हणजे माणूस बोगस नव्हे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक दावा फिरतोय: बायोमेट्रिकवर अंगठा लागला नाही, की कर्मचारी बोगस ठरतो आणि पगार आपोआप बंद होतो. हे चूक आहे.

हजेरीचं यंत्र फक्त ‘नोंदवलेला माणूस हाच का’ एवढंच तपासतं. सेवार्थ या सरकारी पगार प्रणालीतलं पगार बिल आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा अधिकारी, काढतो, यंत्र नाही. बोगस नाव शोधायचं तर प्रत्येक ठसा बाकी सगळ्या ठशांशी ताडावा लागतो आणि यादी मंजूर पदं, नेमणुकीचे आदेश, बँक खाती यांच्याशी जुळवावी लागते. एकाच खात्यात दोघांचा पगार जातो का, हे तर आधी बघावं. त्याला यंत्रही लागत नाही. उलट, खोट्या आदेशावर घुसवलेला खराखुरा माणूस रोज बिनदिक्कत अंगठा देतो!

ठसा का लागत नाही? काजूच्या टरफलातलं तेल बोटांची कातडी जाळतं, जांभ्या दगडाचा चिरा बोटांवरच्या रेषा झिजवतो, पावसाळ्यात बोटं ओली असतात. बोटं पुसा, काच पुसा, दुसरं बोट लावा. तरीही नाहीच आणि हजेरी आधारशी जोडलेली असेल, तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करा. तोवर लेखी हजेरी साहेबांच्या सहीने ठेवा.