बाळंतपणाची बॅग घराने भरावी

गरोदरपणाचा आठवा महिना लागला की घरात दवाखान्याच्या बॅगेचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत तो त्या गरोदर मुलीच्याच अंगावर पडतो. यादी तिने करायची, कपाटातून वस्तू तिने काढायच्या आणि बॅग भरून खोलीच्या कोपऱ्यातही तिनेच ठेवायची. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते, कारण बॅग उघडायची वेळ येते तेव्हा ती एकतर कळा सोसत असते किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असते. सोनोग्राफीचा रिपोर्ट कोणत्या कप्प्यात आहे, हे त्या अवस्थेतल्या बाईला विचारायला जाणे योग्य नाही. त्या रात्री जो माणूस तिच्यासोबत राहणार आहे, मग तो नवरा असो, आई असो की सासूबाई, त्याच्याच हातांनी ही बॅग भरली गेली पाहिजे आणि तिने फक्त काय हवे ते सांगितले पाहिजे.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते आणि अशी बाळंतपणे काही फार दुर्मिळ नसतात. त्यामुळे नववा महिना लागण्याची वाट न पाहता साधारण 34व्या आठवड्यापर्यंत बॅग तयार असावी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने आणखी एक अडचण होते. मुलगी पुण्याहून किंवा अमरावतीहून नागपूरला येते, तिचे अर्धे कागद तिकडच्या डॉक्टरांकडे राहतात आणि अर्धे इथल्या फाइलमध्ये लागतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी मध्यरात्री पोट दुखू लागले तेव्हा जुनी फाइल सासरच्या कपाटात होती. रक्ताच्या सगळ्या तपासण्या रात्रीच पुन्हा कराव्या लागल्या आणि मुलीचा भाऊ प्रयोगशाळेच्या दारात ताटकळत राहिला. सुदैवाने सगळे सुखरूप पार पडले, पण तो ताण टाळता येण्यासारखा होता.

म्हणून माझ्या यादीत झबली आणि टोपडी नंतर येतात, कागद सर्वांत आधी. माता व बाल संरक्षण कार्ड, सुरुवातीपासूनचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिसच्या तपासण्या, चालू औषधांची चिठ्ठी, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास तिची ठळक नोंद, पतिपत्नीचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि विमा असल्यास त्याचे कार्ड, हे सर्व एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, अलीकडची तारीख वर येईल अशा क्रमाने लावावे. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. फाइलच्या पहिल्याच पानावर रक्तगट मोठ्या अक्षरांत लिहावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर पुढच्या गरोदरपणातील धोका टाळण्यासाठी प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, त्यामुळे ही माहिती सोबतच्या माणसाला तोंडपाठ असणेच बरे. गरज पडली तर रक्त द्यायला कोण येऊ शकेल, अशा दोघांशी आधीच बोलून त्यांचे नंबर त्याच पानावर लिहून ठेवावेत.

बाळाची तयारी आधी केली की नजर लागते, ही समजूत अनेक घरांत अजून आहे. तिची टिंगल करणे मला पटत नाही, कारण ज्या पिढीने घराघरांत तान्ही बाळे दगावताना पाहिली, त्या पिढीची ती भीती आहे. पण त्या भीतीपोटी बॅग रिकामी राहणेही मान्य करता येत नाही. माझ्या आत्याने यावर फार चांगली वाट काढली होती. ती म्हणाली, "नवीन काही आणू नका, पण जुनं धुवून ठेवायला कोणी अडवलं आहे?" तिने मऊ झालेली सुती लुगडी गरम पाण्यात धुतली, कडक उन्हात वाळवली आणि त्यांची दुपटी व लंगोट करून ठेवले. तान्ह्या बाळाच्या त्वचेला नव्या, खळ असलेल्या कपड्यापेक्षा हेच कापड सोसते. रंगीत फ्रॉक आणि बाळंतविडा बारशापर्यंत थांबू शकतात.

आईच्या वस्तूंकडे मात्र सगळ्यात कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रसूतीनंतर काही आठवडे रक्तस्राव होत राहतो आणि सुरुवातीचे दिवस तो बराच असतो, त्यामुळे मोठ्या आकाराचे पॅड भरपूर घ्यावेत. पुढून उघडणारे सैल सुती गाऊन, पोटाच्या टाक्यांवर घट्ट बसणार नाहीत अशा उंच कमरेच्या चड्ड्या, न घसरणाऱ्या चपला, चष्मा, केस बांधायला रबर आणि लांब वायरचा चार्जर हवा. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा आणि दागिने घरीच उतरवून ठेवणे सोयीचे, कारण सलाइनची सुई लावताना बांगड्या मध्ये येतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी दागिने काढावेच लागतात. नेलपॉलिशही आधीच पुसावे, कारण बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनची नोंद तिच्यामुळे चुकू शकते.

नागपुरात बॅगेतले कपडे महिना पाहूनच ठरवावे लागतात. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे तो 10 अंशांच्या खाली उतरतो. थंडीत टोपडे, मोजे आणि कपड्यांचे दोन थर लागतात. उन्हाळ्यात मात्र पहिल्या तासांची ऊब सांभाळून झाली की त्याच बाळाला लोकरी दुपट्यात घट्ट गुंडाळणे घातक ठरू शकते, आणि कूलरचा झोतही थेट त्याच्या अंगावर येता कामा नये. जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने त्याचे तापमान टिकते आणि पहिल्या तासात दूध पाजणेही सोपे जाते. कितीही उकाडा असला तरी पहिले सहा महिने बाळाला वरचे पाणी लागत नाही.

त्यामुळे दुधाच्या पावडरचा डबा, बाटली, मध, घुटी आणि काजळ या पाच वस्तू बॅगेतून बाहेर राहाव्यात, असा माझा आग्रह आहे. पावडरच्या दुधाची खरोखर गरज पडलीच तर ते डॉक्टर सांगतील. शक्य असेल तर बाळाची पहिली अंघोळ 24 तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, म्हणून साबण-तेलाचीही घाई नको.

धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यात जायचे असेल, तर चादर, पाणी, बाळाचे कपडे यांतले काय तिथे मिळते हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे. डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्या कुटुंबाने बादली, मग, ताट-वाटी आणि नातेवाइकासाठी चटई सोबत ठेवणे चांगले. सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतीसाठी 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि घरून नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. साध्या प्रसूतीत तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहारही त्यातच येतो. हे माहीत नसल्यामुळे कोणी दागिना गहाण ठेवण्याची वेळ येऊ नये. रुग्णवाहिकेचे 102 आणि 108 हे दोन्ही क्रमांक फाइलवर लिहावेत, आणि उमरेड, काटोल, रामटेककडच्या गावांतून येणाऱ्यांनी तर रात्रीच्या गाडीवाल्याचाही नंबर घ्यावा.

परतताना फाइल जाड झालेली असते. डिस्चार्ज कार्ड, बाळाचे जन्मवजन, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब यांच्या जन्मतःच्या डोसांची नोंद तिथेच तपासून घ्यावी. जन्माच्या नोंदणीसाठी रुग्णालय जो अर्ज भरते, त्यात आईवडिलांची नावे आधारवर आहेत तशीच लिहिली गेली आहेत ना, हे सही करण्याआधी वाचावे. ही नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते आणि नाव ठरलेले नसले तरी ती करता येते. दीड महिन्यांनी पुढच्या लसींसाठी हीच फाइल पुन्हा न्यायची असल्याने, ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.