नोटीस देवघरात, मुदत संपलेली

मंगळवारी दुपारी तालुक्याच्या पश्चिम भागातली एक आजी सुनेला घेऊन दुकानात आली. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि म्हणाली, "बाळा, पगाराचं काय आलंय बघ की." पगार म्हणजे संध्या सुरक्षेची, म्हाताऱ्या माणसांना कर्नाटक सरकार देतं ती पेन्शन. कागद महिनाभर देवघरात लक्ष्मीच्या फोटोमागं होता. सरकारी शिक्का आहे म्हणजे जपून ठेवायला पाहिजे, एवढं तिला कळलं होतं.

कागद पगाराचा नव्हता. तिच्या मयत नवऱ्याच्या जमिनीला पुतण्याचं नाव लावायचा अर्ज आलाय, हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी द्या, अशी ती नोटीस. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

कचेरीच्या दप्तरात या कागदापुढं काय लिहिलेलं असेल? "बजावली." खोटं नाही ते. पोचपावतीवर आजीचा अंगठा आहे. माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

नवीन मित्रांसाठी सांगतो, माझं झेरॉक्स आणि अर्ज भरून द्यायचं दुकान आहे, बेळगावात चन्नम्मा सर्कलपासून हाकेच्या अंतरावर. सोळा वर्षं झाली. कन्नड वाचायला मी इथंच, गिऱ्हाइकांचे कागद चाळत शिकलो. माझं पोट या गोंधळावरच चालतं. कचेऱ्यांनी उद्या सरळ लिहायला सुरुवात केली तर निम्मं गिऱ्हाईक जाईल. तरी बोलतोय.

आजीला वाचता येत नाही. सुनेला येतं, मराठी सातवी झालीय. तिनं नोटीस आली त्या दिवशीच उघडून बघितली होती, पण कागद कन्नडमध्ये, अक्षरच लागेना. आता मराठीवाले म्हणतील, बघा, मराठीत कागद दिले असते तर! थांबा जरा. शेजारच्या चहावाल्या अण्णांना बोलावलं. मूळचे बैलहोंगलचे, घरात कन्नड, शाळा कन्नड. त्यांनी दोनदा वाचली आणि हसून म्हणाले, "कन्नडच आहे हो, पण आमचं नव्हे." अख्खी नोटीस म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच वाक्य. आधी कायद्याचं कलम, मग उपकलम, मग संदर्भ क्रमांक, आणि तळाला, जिथं शिक्का पडून शाई फुटलेली, तिथं मुदतीची तारीख.

मग मी मोठ्यानं वाचायला लागलो. "आक्षेपणे" हा शब्द आला तशी आजी ताठ झाली. "आक्षेप व्हय? मग हाय की माझा!"

दुकानात सगळे हसले. मला मात्र ते डोक्यात बसलं. बेळगावची म्हातारी माणसं बाजारात सर्रास कन्नड बोलतात. कचेरीतलं कन्नड संस्कृत शब्दांनी भरलेलं, म्हणजे निम्मं तर कानाला ओळखीचंच. अडतं ते अक्षरापाशी. हीच नोटीस कुणी दारात उभं राहून मिनिटभर वाचून दाखवली असती, तर ती हरकत त्याच आठवड्यात गेली असती.

आणि हे मी डोक्यातून काढून सांगत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम वाचा. लोक या कायद्याचा अर्थ 'दहा रुपये भरून माहिती मागायची' एवढाच लावतात. चौथं कलम उलटं आहे. कुणी मागायच्या आधीच सरकारनं सतरा प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करायची, आणि ती करताना स्थानिक भाषा बघायची, त्या भागात कुठल्या मार्गानं लोकांपर्यंत नीट पोचेल ते बघायचं. मार्ग कुठले, तर सूचना फलक, वर्तमानपत्रं, इंटरनेट, आणि त्यांच्याच रांगेत जाहीर घोषणा. म्हणजे आपली दवंडी! कायद्यात दवंडीला जागा आहे, गावात मात्र ती बंद पडली. भोंगा लावलेली रिक्षा फिरते ती साड्यांच्या सेलसाठी.

त्याच कायद्याखाली कर्नाटकाचा एक नियम आहे. माहिती मागणाऱ्याचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत पाहिजे. नागरिकानं मोजून-मापून विचारायचं. सरकारच्या नोटिशीतल्या एका वाक्याला मात्र शब्दांची मर्यादा नाही.

आता भाषेचं. हा विषय काढला की दोन्हीकडचे माझ्यावर धावून येणार, माहीत आहे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, काळा दिवस पाळणारे माझ्या घरात आहेत, त्याच दिवशी कन्नडचा लाल-पिवळा झेंडा घेऊन निघणारे माझ्या गल्लीत आहेत. गाव कुठल्या राज्यात जावं हे सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, त्यात मी पडत नाही. तो निकाल लागेपर्यंत आजीच्या हरकतीची मुदत थांबून राहत नाही, एवढंच.

राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहे. उत्तर कुठल्या भाषेत यावं, यावर ते कलम गप्प. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत छापाव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे पंधरा टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर तालुक्याचं तर विचारूच नका. पण ते ठरलं होतं, कायदा झाला नव्हता. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अहवाल लिहितात, अहवाल संसदेपुढं जातो, आणि पुढं काय होतं ते तुम्हाला दिसतंच आहे. आणि हो, महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोटकडची कन्नड माणसं मराठी कागद घेऊन अशीच कुणाच्या तरी दुकानात बसलेली असणार. तिकडच्या आजीचंही मी हेच म्हणेन.

मोठ्या गोष्टीत हे किती महागात पडतं बघा. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ च्या कायद्यानं अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यातलं एक देशी भाषेतलं. हरकतीला एकवीस दिवस. देशी भाषा म्हणजे कुठली? आपल्या भागात ती कन्नड धरली तरी कायदा पाळला गेला. ज्याच्या घरी मराठी पेपर येतो, त्याला जमीन जाणार हे मोजणीवाले बांधावर आल्यावर कळतं. बायपास आणि रिंगरोडच्या नावानं गेल्या काही वर्षांत रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांमध्ये बसून बोला एकदा. मोबदल्याइतकाच राग "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" याचा असतो.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणार नाही. 'भूमी', म्हणजे जमिनीचं दप्तर संगणकावर, आल्यापासून उतारा हातात पडायला मिनिटं लागतात. त्याआधी तलाठी कुठं सापडेल हेच शोधत हिंडावं लागायचं. 'सकाल' कायदा तर भारीच आहे. २०१२ पासून राज्यभर लागू, प्रत्येक कामाला ठरलेले दिवस, उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अर्जदाराला. मी सोळा वर्षं काउंटरच्या अलीकडं उभा आहे. हे वीस रुपये मागणारा एक माणूस बघितला नाही, कारण मागता येतात हेच कुणाला ठाऊक नाही. गृहलक्ष्मी योजनेत बायकांना मिळणारे महिन्याचे दोन हजार मात्र खानापूरच्या जंगलातल्या वाडीपर्यंत सगळ्यांना पाठ होते. मतं पाहिजे असली की सरकारला पोचवता येतं, हे त्यात दिसलं.

मला काय पाहिजे? पोर्टल नको. आणखी एक ॲप तर नकोच नको, त्याचा ओटीपी शेवटी माझ्याच मोबाइलवर येतो. नोटिशीच्या डोक्यावर जाड अक्षरांत तीन ओळी पाहिजेत: हे कशाबद्दल आहे, कुठल्या तारखेच्या आत काय करायचं, आणि कुणाला फोन करायचा. खाली कलमं किती घालायची ती घाला. आमच्या भागात त्या तीन ओळी देवनागरीतही छापा. कन्नडचा त्यात काय मान कमी होतो? कन्नड वर, मोठं, आधी. आणि जमिनीचा कागद असेल तर घेऊन जाणाऱ्यानं तो वाचून दाखवायचा आणि पोचपावतीवर "वाचून दाखवला" असं लिहायचं. नुसता अंगठा चालणार नाही. वाचून दाखवला नसेल तर मुदत सुरू झाली नाही असं धरायचं. या शेवटच्या वाक्यावर साहेब लोक बिथरतील. बिथरू देत. मुदत त्यांच्या दारात अडकली की तीन ओळी आपोआप छापल्या जातील.

आजीचं अपील आम्ही बुधवारी दिलं. उशिराचं कारण म्हणून मी लिहिलं, "नोटिशीचा मजकूर समजला नाही." कारकुनानं ते वाचून विचारलं, "हे कारण होतं काय?" मी म्हटलं, लिहून घ्या की, नाही होत असं साहेब लिहू देत.

काल सुनावणीचा कागद आला. यावेळी देवघरात गेला नाही, सुनेनं फोटो काढून लगेच माझ्या व्हॉट्सॲपला पाठवला. तारीख सोमवारची आहे, वेळ साडेदहा. कुठल्या खोलीत ते लिहिलेलं नाही. तेव्हा सोमवारी दुपारपर्यंत दुकान बंद राहील, झेरॉक्सवाल्यांनी नोंद घ्यावी.